राखणीचा कुत्रा आणि बागेतील फळे

निफाड-दिंडोरीकडील मळे असोत वा तासगावचे, द्राक्षबागेच्या राखणीस कुत्रा हा शेतकऱ्याचा विश्वासू सोबती होय. तोडणीच्या दिवसांत निवडून टाकलेले मणी बांधावर पडतात व कुत्रा ते आवडीने खातो. धनीही कौतुकाने एखादा घड पुढे टाकतो. ही सवय घातक आहे.

द्राक्षे, मनुका व बेदाणे यांमुळे कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. द्राक्षांतील टार्टारिक आम्ल हे याचे संभाव्य कारण असावे, असे मत अमेरिकेतील पशुवैद्यांनी २०२१ साली मांडले. हेच आम्ल चिंचेतही असते. सबब चिंचही वर्ज्य समजावी. आम्लाचे प्रमाण द्राक्षाच्या जातीनुसार व पक्वतेनुसार बदलते. त्यामुळे एखादा कुत्रा मूठभर मणी खाऊनही धड राहतो, तर दुसरा थोडक्यातच दगावतो. गेल्या हंगामात बाधले नाही, म्हणून यंदा बाधणार नाही, असे मानू नये. बेदाण्यात पाण्याचा अंश अल्प असल्याने तो वजनाच्या मानाने अधिक धोक्याचा ठरतो.

लक्षणे : प्रथम ओकारी होते, बहुधा पहिल्या २४ तासांतच. मग कुत्रा अन्न टाकतो व मलूल पडतो. पुढे एक ते तीन दिवसांत लघवी कमी होते किंवा बंद पडते.

उपाय : द्राक्षे खाल्ल्याचे कळताच, लक्षणांची वाट न पाहता, कुत्र्यास पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. पोटातील द्राक्षे वेळीच बाहेर काढली व शिरेतून द्रव दिला, तर प्राण वाचू शकतात. घरी मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नये. त्याने अपाय होतो.

कोणती फळे द्यावीत : पिकलेले केळे, बी काढलेली पपई, साल व बिया काढलेले कलिंगड आणि कोय काढलेला आंबा यांच्या लहान फोडी देण्यास हरकत नाही. आंब्याची कोय आतड्यात अडकते, तर सीताफळाच्या बिया चावल्यास विषारी ठरतात. फळे हे कुत्र्याचे मुख्य अन्न नव्हे. रोजच्या आहाराच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक ती देऊ नयेत.

तोडणी चालू असता कुत्रा बांधून ठेवावा. टाकाऊ मणी रोजच्या रोज गोळा करून खताच्या खड्ड्यात टाकावेत व वर मातीचा जाड थर द्यावा. एवढी दक्षता घेतल्यास राखणदारही सुरक्षित राहील आणि बागही.