कोरी नसलेली पाटी

शाळेच्या कपाटांतून हातीं आलेली पाटी कोरीच असेल, असें कोणी समजत नाहीं. तिच्यावर आदल्या तासाचें गणित असावयाचें, क्वचित् कोणाचें चित्रहि. म्हणून आपण ती आधीं पुसतों आणि मग लिहावयास बसतों. संगणकाच्या मेमरींतील जागा मात्र मागतांच कोरी मिळते, असा पुष्कळांचा समज असतो.

'सी' ही भाषा डेनिस रिची यांनीं बेल लॅबोरेटरीजमध्यें १९७२ च्या सुमारास सिद्ध केली. यंत्राच्या अगदीं निकटची ही भाषा. लिनक्ससारख्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा आजहि मुख्यत्वें तींतच लिहिला जातो. या भाषेंत फंक्शनच्या आंत एखादें साधें व्हेरिएबल योजिलें म्हणजे त्यास केवळ जागा मिळते, मूल्य मिळत नाहीं. ती जागा क्षणापूर्वीं दुसऱ्याच फंक्शनच्या उपयोगांत असेल, तर त्याचें शिळें मूल्य तेथें तसेंच पडून राहतें. फंक्शनें हजारों वेळां बोलाविलीं जातात. दर वेळीं जागा पुसण्यांत काल कां दवडावा, असा हा हिशेब. फंक्शनांबाहेर योजिलेलीं व्हेरिएबलें आरंभीं एकदांच मांडावयाचीं, म्हणून तीं शून्य होऊन मिळतात. 'मॅलॉक'नें घेतलेली जागा न पुसतां मिळते, 'कॅलॉक'नें घेतलेली पुसून.

माझी स्वतःची फजिती सांगतों. पांच विषयांच्या गुणांची बेरीज करणारा लहानसा प्रोग्राम मीं लिहिला होता. बेरजेचें व्हेरिएबल आरंभीं शून्य करावयाचें राहून गेलें. घरीं उत्तर चोख आलें, कारण त्या जागीं योगायोगानें शून्यच होतें. वर्गांत गुरुजींसमोर तोच प्रोग्राम चालविला, तेव्हां एका विद्यार्थ्यास बत्तीस हजारांहून अधिक गुण पडले!

बेरीज चुकली तर हंशा पिकतो. पुढील प्रकार हंसण्याजोगा नाहीं. अनेक व्हेरिएबलें एकत्र बांधून 'स्ट्रक्चर' करतात. समजा, एका स्ट्रक्चरमध्यें १ बाइटाची श्रेणी आहे व तिच्यामागून ४ बाइटांचे गुण. बेरीज ५ होते, परंतु आजच्या बहुतेक यंत्रांवर स्ट्रक्चर ८ बाइटांचें निघतें. ४ बाइटांची संख्या चारानें भाग जाणाऱ्या पत्त्यावर बसवितात, म्हणून मध्यें ३ बाइटांची फट राहते. आपण श्रेणी भरली, गुण भरले. फटींत मात्र कोणींच कांहीं लिहिलें नाहीं. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यानें असें स्ट्रक्चर जसेंच्या तसें एखाद्या साध्या प्रोग्रामच्या हवालीं केलें, तर त्या फटींतून गाभ्याच्या मेमरीचे शिळे तुकडे बाहेर पडतात. आंतील पत्त्याचा एखादा अंश हातीं लागला, तरी चोरास तो पुरेसा होऊं शकतो. लिनक्सच्या गाभ्यांत असे दोष वारंवार सांपडले आहेत.

व्हेरिएबल योजतांनाच मूल्य द्यावें. १९९९ च्या मानकापासून घटकाचें नांव घेऊन मूल्य देतां येतें, आणि ज्यांचा उल्लेख नाहीं ते घटक शून्य होतात. पुढें कोणी नवा घटक जोडला तरी तो उघडा पडत नाहीं. फटींची हमी ही रीत देत नाहीं. म्हणून बाहेर पाठवावयाचें स्ट्रक्चर 'मेमसेट'नें सबंध शून्य करावें व नंतर भरावें.

शून्यहि सर्वत्र निरुपद्रवी नसतें. युनिक्समध्यें फाइल-क्रमांक ० हा नेहमींच्या आदानाचा, म्हणजे बहुधा कीबोर्डाचा. न उघडलेल्या फाइलीच्या जागीं ० ठेवलें, तर ती बंद करतांना भलतेंच दार लागतें. तेथें -१ ठेवतात. वापरकर्त्याचा क्रमांक ० तर सर्वाधिकारी 'रूट'चा. स्ट्रक्चर शून्यानें पुसलें आणि क्रमांक भरावयाचा विसरला, कीं कोणी उपऱ्या थेट राजा होऊन बसावयाचा!

अलीकडे कंपायलरहि साह्य करतात. क्लँगमध्यें २०१९ पासून व जीसीसीमध्यें २०२२ पासून, सांगितल्यास, मूल्य न दिलेलीं फंक्शनांतील व्हेरिएबलें आपोआप भरलीं जातात: शून्यानें, किंवा मुद्दाम विचित्र दिसणाऱ्या एका ठराविक संख्येनें. प्रोग्राम तपासतांना मला दुसरा प्रकार अधिक आवडतो. माझें बेरजेचें व्हेरिएबल त्यानें घरींच पकडलें असतें.