सुट्टीत मासे कोण सांभाळणार?



शेवटची ओरल झाली की होस्टेल किती झपाट्याने रिकामं होतं, हे तुम्हाला सांगायला नको. कुणी बार्शीची एस.टी. पकडतो, कुणी रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबईकडे सुटतो. मागे राहते ती विंगमधली माशांची टाकी. वर्गणी काढून आणलेली, म्हणून ती सगळ्यांची आणि सुट्टीत नेमकी कुणाचीच नाही! मासा काही दार वाजवत नाही, की फोन करत नाही. म्हणून निघण्याआधी थोडा विचार करायला हवा. आपण इंजिनिअरिंगवाले, तेव्हा तो हिशोबाने करू.

मासे उपाशी मरतात का?

पहिली भीती हीच असते. पण मासा थंड रक्ताचा प्राणी. शरीर गरम ठेवण्यासाठी आपण जेवणातली बरीच ऊर्जा खर्च करतो, तो खर्च त्याला नाही. त्यामुळे पूर्ण वाढलेला, निरोगी गोल्डफिश, मॉली किंवा गप्पी आठवडाभर काही न खाता आरामात राहतो. दिवस थंड असतील तर दोन आठवडेही निघतात. अपवाद पिल्लांचा. त्यांना रोज खायला लागतं, म्हणून पिल्लं असतील तर ती गावातच राहणाऱ्या एखाद्या मित्राकडे द्यावीत.

मग सुट्टीत मासे मरतात कशाने? बहुतेक वेळा जास्त खाण्याने. म्हणजे पोटात गेलेल्या नाही, पाण्यात कुजलेल्या खाण्याने. "पंधरा दिवस कोणी नाही, बिचारे उपाशी राहतील" म्हणून जाताना मूठभर दाणे टाकले जातात, आणि तिथेच घात होतो.

थोडं गणित

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकी घ्या. खाली खडी आणि वर मोकळी जागा धरली तर त्यात साधारण ४५ लिटर पाणी बसतं. माशांच्या खाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिनं असतात आणि प्रथिनांत १६ टक्के नायट्रोजन. म्हणजे १० ग्रॅम खाण्यात ६४० मिलिग्रॅम नायट्रोजन. त्यातला निम्माच अमोनियाच्या रूपात बाहेर आला तरी लिटरमागे ७ मिलिग्रॅम होतात. पाण्याचा पीएच ८ आणि तापमान २५ ते ३० अंश असेल, तर यातला ५ ते ७ टक्के भाग विषारी, मुक्त अमोनिया असतो. म्हणजे लिटरमागे ०.४ मिलिग्रॅमच्या आसपास. हा आकडा ०.०२ च्या खाली असावा असं मानतात. आपण वीसपट झालो!

एरवी हे का होत नाही? कारण फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर राहणारे जीवाणू अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. पण त्यांची संख्या रोजच्या चिमूटभर खाण्यापुरती असते. एकदम आलेला लोड त्यांना झेपत नाही.

सोलापूरचा मे महिना

दिवाळीची सुट्टी सोपी, खरी परीक्षा उन्हाळ्याची. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३५ अंशांना जेमतेम ७. आणि पाणी तापलं की माशाची ऑक्सिजनची गरज वाढते. बाहेर पारा चाळिशीपार असताना बंद खोलीतली टाकी किती तापेल याचा अंदाज करा. टाकी खिडकीपासून दूर, शक्यतो खालच्या मजल्यावर ठेवावी.

दुसरा प्रश्न विजेचा. सुट्टीत मजल्याचा मेन स्विच बंद करतात. पंप चालू राहायला हवा हे रेक्टर सरांना आधी लेखी कळवा आणि कोणतं बटण चालू ठेवायचं तिथे चिठ्ठी चिकटवा. एअर पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा किंवा नळीत एकदिशा व्हॉल्व्ह बसवा. नाहीतर वीज गेली की पाणी नळीतून उलटं पंपात उतरतं.

तिसरी गोष्ट बाष्पीभवन. निघण्याआधी तीन दिवस काचेवर पट्टी चिकटवून पातळीची खूण करत जा. आपल्या टाकीत पातळी १ सेंटिमीटर उतरली म्हणजे १.८ लिटर पाणी गेलं. रोजची घट कळली की सुट्टीत किती पाणी घालावं लागेल हे काढता येतं. तेवढं पाणी आधीच बादलीत भरून झाकून ठेवा, क्लोरीनही उडून जाईल. नळाची वाट बघण्यापेक्षा साठवून ठेवणं सोलापूरकराला वेगळं शिकवावं लागत नाही.

निघण्याआधीचा आठवडा

चार-पाच दिवस आधी पाव भाग पाणी बदला, सगळं नको. "स्वच्छ करून जाऊ" म्हणून फिल्टर नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने कामाचे जीवाणू मरतात. टाकीतलंच पाणी मगात काढून त्यात स्पंज पिळा. शेवटच्या दोन आठवड्यांत नवीन मासे आणू नका. एखादा रोग घेऊन आला तर बघायला कोणी नसेल. दिवा बंदच ठेवा. खरी झाडं असतील तर टायमर लावून सहा-सात तास पुरे.

वॉचमनकाकांना काय सांगायचं?

काका प्रेमाने करतात, पण डबा हातात दिला तर प्रेम जास्त होतं. डबा कपाटात कुलूपबंद करा. औषधाच्या पुड्या बांधतात तशा कागदाच्या छोट्या पुड्या करून त्यावर तारखा लिहा, आठवड्याला दोन. "विसरलात तर राहू द्या, पण दुसऱ्या दिवशी दोन टाकू नका" हे आवर्जून सांगा. मेलेला मासा दिसला तर लगेच बाहेर काढायचा, हेही सांगा. आणि फोनसाठी एकाचंच नाव द्या, "विंगमधली मुलं" असं नको.

आपोआप खाऊ घालणारं यंत्र

मोटर आणि टायमर जोडून असं यंत्र बनवायचा मोह आपल्यापैकी अनेकांना होणार, आणि व्हायलाच हवा. पण ते सुट्टीच्या आदल्या रात्री लावू नका. आठवडाभर समोर चालवून बघा. दमट हवेने दाणे चिकटतात, भोक बुजतं. त्याहून वाईट म्हणजे रिले अडकला तर सगळं खाणं एकदम पाण्यात. म्हणून नियम एकच: यंत्रात एवढंच खाणं भरा, की सगळं एकदम पडलं तरी मासे जगले पाहिजेत. आपल्या ४५ लिटरच्या टाकीत एक ग्रॅमसुद्धा जास्तच. खरं तर साऱ्या सुट्टीची व्यवस्था याच नियमाने करावी. काका विसरले, वीज गेली, यंत्र बिघडलं, तरी नुकसान कमीत कमी व्हावं.

परत आल्यावर घरून आणलेली शेंगा चटणी मित्रांना जरूर वाटा, पण माशांना पहिल्या दिवशी मेजवानी नको. आधी पाव भाग पाणी बदला, मग चिमूटभरच दाणे टाका. सुट्टीच्या शुभेच्छा!