जहाजावर पैसा न्यायचा खर्च : डाव लागायच्या आधीच किती जातात?



या आठवड्याच्या व्हिडिओत मी गोव्याचा किस्सा सांगितला, पण आकडे घाईघाईत गेले. म्हणून सगळा हिशोब इथे लिहून देतो. वही-पेन घेऊन बसा, कारण विषय कॅसिनोचा वाटला तरी धडा तुमच्या गल्ल्याचा आहे.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यातले किती तरी दुकानदार दरवर्षी कंपनीच्या स्कीममध्ये गोव्याला जातात. बियाणे, खत, सिमेंट, पेंट, मोटरपंप, कोणतीही लाइन घ्या. टार्गेट पूर्ण झालं की तीन रात्रींची टूर. आणि गोव्याला गेलं की एक संध्याकाळ मांडवीच्या जहाजावर जातेच. मी पण गेलो. माझं इलेक्ट्रिकल आणि मोटरपंपचं दुकान आहे, त्यामुळे ही गोष्ट ऐकीव नाही.

खेळावं की नाही, यावर मी प्रवचन देणार नाही. ज्याचं त्याने ठरवावं. मला एवढंच सांगायचं आहे की खेळात हरण्याआधी, पैसा खेळापर्यंत नेण्यातच आपण हरलेलो असतो. आणि ती हार कोणी मोजत नाही.

माझ्यासोबत काय झालं

पणजीला जेट्टीवर छोट्या बोटीत बसायच्या आधी सोबतचे म्हणाले, "भाऊ, थोडी कॅश ठेवा जवळ." दुकानाच्या करंट खात्याला हात लावायचा नाही, हे मी ठरवलेलं होतं. म्हणून हुशारी केली. क्रेडिट कार्ड एटीएममध्ये घातलं आणि ₹२०,००० काढले. डोक्यात एकच गोष्ट, क्रेडिट कार्ड म्हणजे ४५-५० दिवस बिनव्याजी!

रात्री ₹११,००० हरलो. ₹९,००० खिशात परत आले. वाईट वाटलं, पण ठीक आहे, ते माझं मीच हरलो होतो.

खरा झटका बसला तो कार्डाचं स्टेटमेंट आल्यावर. आमच्याकडे टॅलीला नोंदी बायको करते. तिने विचारलं, "अहो, हे पाचशे नव्वद कशाचे?" मला सांगताच आलं नाही. मग खाली व्याजाची ओळ दिसली. BBA झालेला माणूस, दुसऱ्यांना हिशोब शिकवतो, आणि स्वतःच्या कार्डाची अट वाचलेली नाही! त्या दिवशी गप्प बसलो आणि वही काढली.

पहिला हिशोब : कार्डावर काढलेली कॅश

बिनव्याजी दिवस हे खरेदीसाठी असतात. कॅश काढली तर एकही दिवस बिनव्याजी नसतो. ज्या दिवशी नोट हातात आली, त्या दिवसापासून मीटर सुरू. बऱ्याच कार्डांवर कॅश काढायची फी अडीच टक्के आणि कमीत कमी ₹५०० अशी असते. व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास. ऐकायला लहान वाटतं, पण वर्षाचं ४२ टक्के होतं. माझा हिशोब असा झाला :

- कॅश काढायची फी : ₹५००
- फीवर १८ टक्के जीएसटी : ₹९०
- व्याज, रोज साधारण ₹२३ प्रमाणे ४० दिवस : ₹९२०
- व्याजावर १८ टक्के जीएसटी : ₹१६६
- एकूण : ₹१,६७६

म्हणजे ₹२०,००० च्या जवळपास साडेआठ टक्के. जिंकलो असतो तरी हे लागलेच असते. नीट लक्षात घ्या, फीला तुमच्या नशिबाशी काही घेणं-देणं नसतं.

यात दुसरी चूक आणखी मोठी. परत आलेले ₹९,००० मी गल्ल्यात टाकून दिले. तेच दुसऱ्या दिवशी कार्डात भरले असते तर व्याज आणि त्यावरचा कर मिळून जवळपास ₹४७५ वाचले असते. पैसा माझ्याकडेच होता, आणि त्याच पैशावर मी व्याज भरत होतो.

तिसरी चूक तर दुकानाला लागली. कार्डाचं बिल शेवटी दुकानातूनच भरलं. त्याच आठवड्यात सप्लायरचं ₹१,८०,००० चं पेमेंट होतं. वेळेत दिलं असतं तर २ टक्के कॅश डिस्काउंट, म्हणजे ₹३,६०० मिळणार होते. पैसे कमी पडले, तारीख चुकली, डिस्काउंट गेला.

आता बेरीज करा. खेळात गेले ₹११,०००. खेळाबाहेर गेले ₹५,२७६. पहिला आकडा मी मित्रांना हसत हसत सांगत होतो. दुसरा मला स्वतःलाच माहीत नव्हता.

दुसरा हिशोब : काउंटरवर चिप्स घेताना

चिप्स म्हणजे खायचे नव्हे, कॅसिनोत खेळायची नाणी. मांडवीवरची ही जहाजं चालतात ती गोव्याच्या १९७६ च्या जुगार कायद्यात नंतर झालेल्या दुरुस्त्यांमुळे. १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांत मशीनला परवानगी मिळाली आणि १९९६ मध्ये जहाजांना. आपल्या महाराष्ट्रातही १९७६ चाच कॅसिनो कायदा होता, पण तो कधी लागूच झाला नाही. २०२३ मध्ये सरकारने तो रद्द करायचं ठरवलं. म्हणून आपला माणूस गोव्याला जातो. गोव्याच्या रहिवाशांना मात्र १ फेब्रुवारी २०२० पासून तिथे खेळायला बंदी आहे. ज्यांच्या नदीत जहाज उभं आहे, त्यांच्या सरकारने स्वतःच्या लोकांना बाहेर ठेवलं, हेही ध्यानात असू द्या.

आता कर. १ ऑक्टोबर २०२३ पासून विकत घेतलेल्या चिप्सवर २८ टक्के जीएसटी लागला. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. जिंकलेल्या रकमेतून पुन्हा खेळलात तर त्यावर परत जीएसटी नाही, पण पहिल्या खरेदीवर आहे.

कॅसिनो हा भार स्वतः किती उचलतो आणि तुमच्यावर किती टाकतो, ते काउंटरवर आधी विचारायचं. पूर्ण तुमच्यावर टाकला तर साधा हिशोब असा : ₹२०,००० दिले, तर त्यातले ₹५,७१४ कर आणि हातात चिप्स ₹१४,२८६ च्या.

आजच्या या करात माझ्या कार्डाचा खर्च मिळवून बघा. खिशातून जाणार ₹२१,६७६ आणि टेबलावर पोचणार ₹१४,२८६. म्हणजे नुसतं जिथे होतो तिथे यायला चिप्स जवळपास ५२ टक्क्यांनी वाढायला पाहिजेत. दुकानात कोणी म्हणालं, "या मालावर ५२ टक्के मार्जिन निघालं तर तुमची मुद्दल सुटेल", तर तुम्ही तो माल घ्याल का?

आणि जिंकलात तर? जिंकलेल्या रकमेवर सरळ ३० टक्के आयकर आणि वर सेस, मिळून ३१.२ टक्के. दुकानाचा खर्च धंद्याच्या नफ्यातून वजा होतो, तसं इथे काहीच वजा होत नाही. कार्डाची फी नाही, व्याज नाही, आदल्या रात्रीची हारही नाही.

तिसरा हिशोब : समुद्रातली क्रूझ

आता काही कंपन्या डीलरला क्रूझवर नेतात. २०२१ पासून मुंबईहून कॉर्डेलिया क्रूझ सुटते, तिच्यावरही कॅसिनो आहे. परदेशी मोठ्या जहाजांवर पद्धत वेगळी असते. तुमच्या खोलीच्या खात्याला एक कार्ड जोडलेलं असतं. चहा-पाण्यापासून खरेदीपर्यंत सगळं त्यावर लिहिलं जातं. कॅसिनोसाठीही त्या खात्यातून पैसे उचलता येतात, पण अमेरिकी जहाजांवर त्याला साधारण ३ ते ५ टक्के फी लागते. तीच रोख नोट घेऊन काउंटरवर गेलात तर ही फी नसते.

समजा ५०० डॉलर खात्यातून उचलले. ५ टक्के फी, म्हणजे २५ डॉलर. बिल ५२५ चं झालं. तुमचं कार्ड भारतातलं, त्यावर परकीय चलनाचं मार्कअप बऱ्याचदा साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी. ते झाले जवळपास २२ डॉलर. ५०० वर ४७ डॉलर, म्हणजे नऊ टक्क्यांच्या वर. पत्ता अजून वाटलेलाही नाही!

शिवाय लॉटरी, स्वीपस्टेक अशा गोष्टींसाठी परदेशात पैसे पाठवायला परकीय चलनाच्या नियमांत मनाई आहे. म्हणून निघण्याआधी बँकेत विचारा. "सगळेच करतात" हे उत्तर बँकेत चालत नाही.

मग स्वस्त रस्ता कोणता?

१. स्वतःच्या बचत खात्यातून, डेबिट कार्डाने, निघण्याआधी घरूनच कॅश काढा. आपल्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला पाच वेळा फी नसते. पुढच्या वेळांना १ मे २०२५ पासून जास्तीत जास्त ₹२३ आणि कर. साडेआठ टक्के कुठे आणि ₹२३ कुठे.

२. जेवढे हरले तरी दुकान हलणार नाही, तेवढेच न्या. कार्ड हॉटेलच्या खोलीत ठेवा.

३. मोठी कॅश नेऊ नका. एका माणसाकडून एका दिवसात ₹२ लाख किंवा जास्त रोख घ्यायला आयकर कायद्यात मनाई आहे.

४. दुकानाच्या स्वाइप मशीनवर स्वतःचंच कार्ड घासून कॅश करायची, ही युक्ती तर अजिबात नको. मशीनच्या करारात ते बसत नाही. मशीन बंद झालं तर उद्याचं गिऱ्हाईक परत जाईल.

५. "कंपनीने फुकट नेलं" असंही समजू नका. वर्षाला ₹२०,००० च्या वर असा फायदा दिला तर १ जुलै २०२२ पासून कंपनीला १० टक्के टीडीएसची नोंद करावी लागते. टूर तुमच्या उत्पन्नात दिसते. सीएला आधीच सांगून ठेवा.

आता गल्ल्याकडे या

तुम्ही म्हणाल, "सर, आम्ही कॅसिनोत जातच नाही." चांगलं आहे. पण जहाजावर पैसा न्यायची फी तुम्ही दुकानात बसूनही भरता.

डेली कलेक्शनचं उदाहरण घ्या. समजा ₹१०,००० चं लोन. हातात ₹९,०००, आणि रोज ₹१०० प्रमाणे १०० दिवस. घेणाऱ्याला वाटतं, "हजार रुपयेच तर गेले, दहा टक्के." पण रोज मुद्दल परत जात असते. सरासरी तुमच्याकडे साडेचार हजारच वापरायला असतात. त्यावर १०० दिवसांत हजार गेले, म्हणजे वर्षाचा दर ८० टक्क्यांच्या आसपास. क्रेडिट कार्डाच्या जवळपास दुप्पट!

बँकेच्या लोनचंही तसंच. प्रोसेसिंग फी कापली, विमा कापला, हातात कमी आले, व्याज मात्र पूर्ण रकमेवर. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ आणि लघुउद्योगांच्या मुदत कर्जाला माहितीपत्रक सक्तीचं केलं. त्याला केएफएस म्हणतात. त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर, एपीआर, लिहिलेला असतो. सही करण्याआधी ते पत्रक मागा. ईएमआय किती, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न : हातात किती येणार आणि एकूण किती परत जाणार?

आपल्याकडे जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर उधारी वाढते आणि कापसाचा पैसा येतो दिवाळीनंतर. मधले चार महिने दुकानदार कुठून तरी पैसा उचलतोच. तो कुठून उचलला, यावरच वर्षाचा नफा ठरतो. मालात मार्जिन दहा टक्के, आणि पैसा आणायलाच साडेआठ गेले, तर वर्षभर आपण सावकाराचं दुकान सांभाळलं म्हणायचं.

या आठवड्याचा गृहपाठ

कार्डाचं मागचं स्टेटमेंट आणि चालू लोनचे कागद काढा. वहीत तीन रकाने करा : हातात किती आले, एकूण किती परत दिले, किती दिवसांत. फी, कर, व्याज, बुडालेला डिस्काउंट, सगळं दुसऱ्या रकान्यात टाका. घरात हिशोब जो ठेवतो, त्याला सोबत बसवा. आमच्याकडे ती एक ओळ बायकोला दिसली, मला नाही.

मी अजूनही टूरला जातो. मागच्या वेळी मांडवीवरही गेलो. खिशात घरून आणलेले ₹३,००० होते, कार्ड खोलीत होतं. रात्री बोटीत परत बसलो तेव्हा किती गेले, हे मला रुपयापर्यंत माहीत होतं. दुकानातही तेवढंच जमवायचं आहे.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत गल्ला सांभाळा!