ताटातला भात आणि टाकीतले तेल

येळ्ळूर, वडगाव, शहापूर या शिवारांतील बासमतीचा सुवास बेळगावच्या घराघरांत परिचित आहे. हिमालयाच्या पायथ्याशी पिकणाऱ्या बासमतीहून हा तांदूळ निराळा. पुढे अधिक उतारा देणाऱ्या जाती आल्या, शहरही वाढले आणि या पिकाचे क्षेत्र आकसत गेले. 'गावचे धान्य घ्यावे, म्हणजे इंधन वाचेल,' असे आपण सहज म्हणतो. हे म्हणणे कितपत खरे, ते हिशेबानेच पाहू.

समजा, १० टन तांदूळ घेऊन एक मालमोटार ६०० किलोमीटरांवरून आली आणि लिटरमागे ४ किलोमीटर धावली. तिला १५० लिटर डिझेल लागले. म्हणजे किलोमागे १५ मिलिलिटर. आता आपण स्कूटरवरून २ किलोमीटरांवरच्या बाजारात जाऊन ५ किलो तांदूळ आणला. स्कूटर लिटरला ४० किलोमीटर धावते असे धरले, तर जाण्यायेण्यात १०० मिलिलिटर पेट्रोल जळाले. म्हणजे किलोमागे २० मिलिलिटर! शिवाय युरिया नैसर्गिक वायूपासून होतो. तेव्हा जवळच्या शेतातही खनिज इंधन पोहोचलेलेच असते. सारांश, केवळ 'जवळचे' म्हणून इंधन वाचत नाही.

मग जवळच्या शेतकऱ्याकडून माल घ्यावा तो कशासाठी? गोव्याचा बराचसा भाजीपाला बेळगावहून घाट उतरून जातो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, वाहने अडली आणि गोव्यात भाजीची टंचाई भासली. चाके थांबली की आधार उरतो तो जवळच्या शेताचा. आणि शेत टिकते ते पिकाला रास्त दर मिळाला तरच. हलगा–मच्छे बायपाससाठी सुपीक जमीन देण्यास येथील शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे विरोध केला. थांबलेली वाहतूक पुन्हा सुरू होते; डांबराखाली गेलेले शेत परत येत नाही.

म्हणून आपण दोन गोष्टी कराव्यात. शेतकऱ्याचा माल घासाघीस न करता घ्यावा आणि तो आणण्यास शक्यतो पायी किंवा सायकलीने जावे. पहिलीने शेत राखले जाईल, दुसरीने तेल वाचेल.

अभ्यास : आपल्या घरी आठवडाभरात येणारे धान्य व भाजी कोठून आणि कशाने येते, याची नोंद करा व वरीलप्रमाणे हिशेब मांडा.