भात, उलाम आणि पानावरच्या फेण्या

"मामा, ही मला रोज एकच प्रश्न विचारते," भाचीने फोन पुढे केला. "'कुमाईन का ना?' म्हणजे जेवलीस का? मी इथे सुट्टीवर आलेय, तरी रोज!"

"मग? तुझी आजी फाटकात कुणी दिसलं की पहिलं काय विचारायची?"

मे महिन्याची सकाळ होती. पडवीत मामी पानावरच्या फेण्या घालत होती. तांदळाचं आंबवलेलं पीठ पानावर पातळ पसरायचं, वाफवायचं, अलगद सोडवून सुकत टाकायचं. मामा झोपाळ्यावर बसले होते. तीस वर्षं त्यांनी मालवाहू बोटींवर कुकचं काम केलं होतं आणि त्यांतल्या बहुतेक बोटींवर निम्मी माणसं फिलिपिन्सची असत. भाची दुबईत नर्स आहे. तिच्या खोलीत दोघी फिलिपिनो मुली राहतात. ज्या घराशी आपली चूल जोडलेली आहे, तिथे नेमकं काय शिजतं हे समजून घ्यायला ती मामांकडे आली होती.

"आधी भात," मामा म्हणाले. "भाताशिवाय तिथे जेवण झालं असं कुणी म्हणत नाही. शेतात उभा असतो तो पालाय. सडून झाला की बिगास. शिजला की कानिन. आपण शेतातल्यालाही भात म्हणतो आणि ताटातल्यालाही. त्यांनी तिन्ही वेगळे ठेवलेत. रात्रीचा उरलेला तो बाहाव. तो सकाळी लसणीवर परतला की सिनांगाग. तळाला लागलेली खरपुडी म्हणजे तुतोंग. पातळ पेज म्हणजे लुगाव."

"आणि भाजी, मासे, मटण?"

"ते सगळं उलाम. भाताबरोबर जे जे येतं ते उलाम. आपण कालवण म्हणतो, तोंडीलावणं म्हणतो, तसंच. यात इंग्रजी शब्दांचा काही उपयोग नाही. बोटीवर एकदा कंपनीचा माणूस आला होता. 'रोज रोज भात कशाला शिजवतोस, ब्रेड दे,' म्हणून मला झापलं. चौदा तास इंजिनरूममध्ये राबून आलेल्या माणसाला मी ब्रेड देऊ?" आवाज चढला तशी मामीने मान वर करून पाहिलं. "परत तांदूळ मागवला मी. कुणाला न विचारता."

भाचीला ही तक्रार पाठ होती. तिने विषय वळवला. तिची मैत्रीण रविवारी चिकन आदोबो करते. व्हिनेगर, लसूण, सोया सॉस, मिरी, तमालपत्र, सगळं एकदम पातेल्यात. "नाव तर स्पॅनिश आहे. मग पदार्थ स्पॅनिशांनीच नेला ना?"

"नाव त्यांचं. व्हिनेगरमध्ये शिजवणं आधीचं. १६१३ साली पेद्रो दे सान बुएनाव्हेंतुरा नावाच्या पाद्र्याने तागालोग भाषेचा कोश छापला. त्यात या पदार्थाला त्याने स्थानिकांचा आदोबो म्हटलंय. स्वतःच्या घरचा शब्द दुसऱ्याच्या पातेल्याला लावला. सोया सॉस चिन्यांकडून आला. पण उष्ण, दमट हवेत मांस टिकवायचं तर आंबट हवंच, ही समज तिथल्या माणसांची."

"आणि ते व्हिनेगर येतं कुठून?"

मामा एकदम खुलले. नारळाच्या पोयीतून काढलेल्या माडीला तिथे तुबा म्हणतात. तुबा आंबू दिली की व्हिनेगर होतं. गोव्यात सुरेचं व्हिनेगर करतात तसंच. १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं मनिला आणि मेक्सिकोतलं आकापुल्को यांच्यामध्ये स्पॅनिश गलबतं ये-जा करत होती. त्यांवरच्या फिलिपिनो खलाशांनी माडी काढण्याची विद्या मेक्सिकोत नेली. तिथल्या कोलिमा प्रांतात आजही तुबा विकतात. उलट्या वाटेने मका, टोमॅटो, कोको फिलिपिन्समध्ये आले. सकाळी पावसात तिथली मुलं चॉकलेट घातलेला चिकट भात खातात, चांपोरादो, तो त्या कोकोचाच.

"मग कारे-कारे? ती म्हणते ती तुमची करी."

"हे ठोकून देऊ नकोस!" मामांनी झोपाळा थांबवला. "इंग्रजांनी १७६२ ते १७६४ मनिला ताब्यात ठेवली होती. त्यांच्याबरोबर मद्रासकडचे शिपाई होते, त्यांतले काही काइंता गावाकडे राहून गेले, हे खरं. पण शेंगदाण्याच्या रश्शातलं बैलाचं शेपूट म्हणजे आपली करी, याला पुरावा कुठाय? सगळं आपल्याकडूनच गेलं म्हणायची आपल्याला खोड आहे."

"मामा, मघापासून तुम्ही तरी काय करताय? पेज आपली, कालवण आपलं, सूर आपली."

हा टोला बसला. मामा गप्प झाले. भाचीची शंका रास्तच होती. ओळखीच्या वस्तूचा हात धरूनच माणूस परक्या घरात शिरतो, पण हात सोडलाच नाही तर त्याला ते घर दिसत नाही. पुढचा अर्धा तास मामांनी कोकणाचं नाव काढलं नाही.

त्यांनी सावसावानबद्दल सांगितलं. ताटाशेजारी छोट्या वाट्या ठेवतात: व्हिनेगर आणि मिरची, माशांची पाणीदार चटणी पातिस, खारवलेल्या कोळंबीची बागोओंग, पिळायला कालामान्सी हे छोटं लिंबू. खाणारा स्वतःच्या जिभेनुसार ती मिसळून घेतो. डोरीन फर्नांडिस या फिलिपिन्सच्या मोठ्या लेखिका. त्यांचा 'तिकिम' हा लेखसंग्रह १९९४ साली आला. सावसावानमुळे जेवणारा स्वयंपाकात सामील होतो, असं त्यांचं म्हणणं. मामांना हे मनापासून पटलेलं. "कुकचा अपमान नसतो तो. मी आधी चिडायचो. नंतर कळलं, ते माझं काम पुरं करतायत."

सिनिगांगचंही तसंच. चिंच, कच्चा पेरू, कैरी किंवा कामियास, ज्याला आपण बिलिंबी म्हणतो (इथे मामा जरा अडखळले), जे परसात असेल त्याने सार आंबट करायचं. हाताने जेवण्याला कामायान म्हणतात. एरवी उजव्या हातात चमचा, डाव्यात काटा. सुरी लागत नाही, कारण सगळं कापूनच शिजवलेलं असतं.

"वाढदिवसाला शेवया तोडू देत नाहीत," भाची म्हणाली.

"पान्सित. लांब शेवई, लांब आयुष्य. शब्द फुकियनच्या चिन्यांचा. आणि पोरांच्या वाढदिवसाला गोड स्पॅगेटी, केळ्याच्या केचपची. ते केचप मारिया ओरोसा या रसायनशास्त्राच्या बाईंचं. अमेरिकेत शिकून परत आल्या, देशी फळांपासून टिकाऊ पदार्थ बनवत राहिल्या. फेब्रुवारी १९४५मध्ये मनिलाच्या लढाईत गेल्या. आपल्याकडे फोनवर बालुतचे व्हिडिओ फिरतात, अंड्यातलं बदकाचं पिल्लू दाखवून किळस करतात. ओरोसाबाईंबद्दल कुणी दाखवतं?"

भाचीचं लक्ष मात्र दुसरीकडेच होतं. "मामा, लेचोनला किती पैसे लागतात?"

"अख्खं डुक्कर असतं ते. निखाऱ्यावर तासन्‌तास फिरवतात. सेबूकडे पोटात गवती चहा भरतात. नाताळात आणखी वेगळं. १६ डिसेंबरपासून नऊ पहाटे चर्च, बाहेर पडलं की बिबिंका, वर-खाली निखारे ठेवून केळीच्या पानावर भाजलेली..."

"मामा, पैसे."

"कशाला तुला?"

"माझी मैत्रीण दोन महिने जादा ड्यूटी करतेय. गावच्या जत्रेला घरी लेचोन हवा म्हणून. आई म्हणते, गेल्या वर्षी शेजाऱ्यांकडे होता. एका दिवसासाठी दोन महिने!"

मामांनी सरळ उत्तर दिलं नाही. ते लुकबानला गेले होते तेव्हाचं सांगू लागले. केसोन प्रांतातलं डोंगराच्या पायथ्याचं गाव. १५ मे, शेतकऱ्यांचा संत इसिद्रो याचा दिवस, पाहियास. घरांच्या दर्शनी भिंती भाताच्या लोंब्या, भाज्या आणि फळांनी मढवलेल्या. त्यांवर लाल, पिवळ्या, हिरव्या रंगांच्या पानांच्या माळा. ती पानं खरी नव्हेत. तांदळाचं पीठ खऱ्या पानावर पसरून, वाफवून, सोडवून सुकवलेली. त्याला किपिंग म्हणतात. तळूनही खातात.

मामीचा हात थांबला. "म्हणजे ह्याच?"

"ह्याच. फक्त रंग घातलेल्या," मामा म्हणाले, आणि कोकणाबद्दल पाळलेलं मौन सुटल्याचं त्यांच्या लक्षातही आलं नाही. "रस्त्यावर केळीच्या पानावर पान्सित देतात, हाबहाब. हात नाही, चमचा नाही, पान तोंडाला लावायचं. आणि कुठल्याही घरात शिरायचं. मी मित्राच्या मित्राच्या घरी बसलो. नावही कुणी विचारलं नाही. ताट आलं."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"उरलेलं डुक्कर व्हिनेगरमध्ये, पाक्सिव. काही वाया जात नाही. निघताना हातात बांधून देतात, पाबाओन. ताटातलं पाहुण्याच्या घरापर्यंत जायलाच हवं."

"मामा, खर्च कोण करतं?"

झोपाळा करकरत राहिला. लग्नासाठी शेत गहाण टाकलेली माणसं या गावालाही नवी नाहीत, हे भाचीला ठाऊक होतं आणि मामांनाही.

"ज्याच्या घरी मी जेवलो," मामा हळू आवाजात म्हणाले, "तो सुट्टी अर्धी टाकून पुढच्या बोटीवर चढला. का, ते मी विचारलं नाही. पोट भरलेलं होतं माझं."

थोड्या वेळाने ते पुढे म्हणाले, "सगळे लेचोन करत नाहीत. पान्सितचं मोठं घमेलं, आदोबो, भात, एवढ्यावर दार उघडं ठेवणारी घरंही मी पाहिलीत. तिथेही माणसं तितकीच बसतात. पण तिच्या आईला हे तू सांगू नकोस. मैत्रिणीला विचार, तिला थकवा येतो का."

भाचीने मामीच्या सुकत टाकलेल्या फेण्यांचा फोटो काढून पाठवला. उत्तर लगेच आलं: किपिंग? आणि त्याखाली, नेहमीसारखंच, जेवलीस का?

मामी उठून स्टीलचा डबा घेऊन आली. "दोघी आहेत ना त्या? दोन डझन बांधते. विमानात मोडतील, म्हणून वर पेपर घालते."

"मामी, सहाच दे. सामान जास्त होतं."

मामी डबा काठोकाठ भरत होती.