खिडकी बंद केली नाही

आजचं वाचन : दानीएल 6:1-10
सोबत वाचा : यिर्मया 29:4-7 आणि 1 राजे 8:46-50



आपल्या तरुण मंडळींच्या बोलण्यात एक प्रश्न नेहमी येतो. जग दिवसेंदिवस सेक्युलर होत चाललंय, मग अशा जगात ख्रिस्ती माणसानं विश्वासू कसं राहायचं? उत्तर शोधण्याआधी हा शब्द नीट समजून घेऊ, कारण आपण तो दोन अर्थांनी वापरतो.

पहिला अर्थ राज्यघटनेतला. 'धर्मनिरपेक्ष' हा शब्द 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीनं उद्देशिकेत आला. पण घटनेच्या सुरुवातीपासूनच अनुच्छेद 25 नं प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य दिलेलं आहे. आपण वऱ्हाडातले ख्रिस्ती लोक संख्येनं किती थोडे! त्या स्वातंत्र्याबद्दल तर आपण देवाचे आभारच मानायला हवेत. या अर्थानं सेक्युलर असणं आपल्यावरचं संकट नाही.

दुसरा अर्थ मनाचा आहे. देव नाही असं कोणी म्हणत नाही, पण नोकरी, पैसा, लग्न, मुलांचं शिक्षण यातल्या कुठल्याही निर्णयात त्याला विचारावंसं वाटत नाही. आजचं वचन या दुसऱ्या गोष्टीबद्दल आपल्याशी बोलतं.

दानीएल बाबेलात काय करत होता ते बघा. तो तरुणपणी कैदी म्हणून तिथं गेला. तिथली भाषा शिकला, तिथली विद्या शिकला, सरकारी नोकरी केली. त्याचं नावसुद्धा बदललं गेलं. यिर्मयानं बंदिवासातल्या लोकांना पत्र लिहून सांगितलं होतं की तिथं घरं बांधा, मळे लावा, आणि ज्या शहरात तुम्हांला नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. दानीएल तसाच जगला. त्यानं बाबेलाकडे पाठ फिरवली नाही.

सहाव्या अध्यायात येईपर्यंत तो म्हातारा झालेला आहे. त्याच्यावर जळणाऱ्या अधिकाऱ्यांनी आधी त्याच्या कामात चूक शोधली. आजच्या भाषेत सांगायचं तर पूर्ण ऑडिट झालं. काही सापडलं नाही. तेव्हा त्यांनी राजाकडून हुकूम काढून घेतला, की तीस दिवस राजाशिवाय कोणाकडेही काही मागायचं नाही.

तीस दिवसच! दानीएलला वाटलं असतं तर तो महिनाभर थांबू शकला असता. मनातल्या मनात प्रार्थना करू शकला असता. निदान खिडकी लावून घेऊ शकला असता. देवाला काय, बंद खिडकीतूनही ऐकू येतं. पण दहाव्या वचनात काय दिसतं? हुकुमावर सही झाल्याचं त्याला कळलं, तो घरी गेला, आणि यरुशलेमाकडे उघडणाऱ्या खिडकीपाशी दिवसातून तीनदा गुडघे टेकून त्यानं प्रार्थना केली, अगदी पूर्वी करत असे तशीच.

माझ्या मते या सगळ्या भागाची किल्ली त्या 'पूर्वी करत असे' मध्ये आहे. दानीएलनं निषेध म्हणून नवीन काही सुरू केलं नाही, आणि भीतीनं जुनं काही बंदही केलं नाही.

इथं कोणी विचारेल, की प्रभू येशूनं तर खोलीत जाऊन दार लावून प्रार्थना करायला सांगितलंय (मत्तय 6:5-6), मग दानीएलचं हे दाखवणं नाही का? नाही. ती खोली त्याच्या स्वतःच्या घराच्या माडीवर होती. खिडकी यरुशलेमाच्या दिशेला होती, कारण शलमोनानं मंदिराच्या समर्पणाच्या वेळी बंदिवासातल्या लोकांसाठी तसंच मागितलं होतं, की ते आपल्या देशाकडे आणि या मंदिराकडे तोंड करून प्रार्थना करतील तेव्हा तू ऐक. म्हणजे ती खिडकी लोकांना दिसावं म्हणून उघडलेली नव्हती. आणि लोकांना दिसतं म्हणून त्यानं ती लावलीही नाही. या दोन्हींच्या मधली वाट म्हणजे विश्वासूपणा.

आता आपल्याकडे येऊ. अंजनगाव, दर्यापूर, अचलपूरकडची आपली पोरं इंजिनीअरिंग झालं की पुण्याची गाडी धरतात. त्याच पुण्यात सव्वाशेपेक्षा जास्त वर्षांपूर्वी एका ख्रिस्ती बाईला नेमका हाच प्रश्न पडला होता. पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये झाला. परत आल्यावर 11 मार्च 1889 ला त्यांनी मुंबईत 'शारदा सदन' सुरू केलं, आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवलं. विधवांना आणि मुलींना शिकवायचं, पण त्यांना धर्म शिकवायचा नाही, अशी तिथली अट होती. मुलींनी आपले रीतिरिवाज पाळायला पूर्ण मोकळीक होती. सल्लागार मंडळात न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी मोठी माणसं होती. काही ख्रिस्ती लोक रमाबाईंवर नाराज होते, की ही बाई मुलींना बायबल का शिकवत नाही?

रमाबाईंनी अट पाळली. पण स्वतः प्रार्थना करताना त्यांनी आपल्या खोलीचं दार लावून घ्यायला नकार दिला. काही मुली आपणहून त्या प्रार्थनेला येऊन बसू लागल्या. झालं, पुण्यात वादळ उठलं. 'केसरी'नं टीका केली. 1893 मध्ये रानडे आणि भांडारकरांनी राजीनामे दिले. पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या.

पालकांची बाजूही समजून घेतली पाहिजे. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहू या शब्दावर त्यांनी आपल्या लेकी तिथं पाठवल्या होत्या, त्यामुळे त्यांना भीती वाटणं साहजिक होतं. उघडं दार म्हणजे दुसऱ्याला ओढून आत आणणं नव्हे, हे आपणही कायम लक्षात ठेवावं. पण रमाबाईंचं म्हणणं साधं होतं. कोणावर सक्ती करणार नाही, पण स्वतःची प्रार्थना लपवणारही नाही. त्याची किंमत त्यांनी मोजली. चांगली माणसं दुरावली, काम थांबतं की काय अशी वेळ आली. सदन मात्र बंद पडलं नाही. पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. आणि याच बाईनं हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या मराठीत बायबलचं भाषांतर केलं. 1922 मध्ये देवाघरी जाईपर्यंत त्या कामात त्या गुंतलेल्या होत्या.

आपल्यापुढे दानीएलसारखे सिंह नाहीत आणि रमाबाईंसारखं वादळही नाही. ऑफिसात कोणी आपल्याला प्रार्थना करू नको म्हणत नाही. आपली खिडकी हळूहळू, आपल्याच हातानं लागते. सोमवारी कोणी विचारतं, "काल काय केलं?" आपण म्हणतो, "काही नाही, घरीच होतो." चर्चला गेलो होतो, एवढे साधे शब्द तोंडातून निघत नाहीत. कँटीनमध्ये डबा उघडल्यावर डोळे मिटायला संकोच वाटतो. रविवारी रिलीज असतं, म्हणून एक उपासना चुकते. मग दुसरी चुकते. मग सवय होते.

आमच्या कामात याला ड्रिफ्ट म्हणतात. सर्व्हर एकदा नीट सेट केलेला असतो. मग आज कोणी एक छोटा बदल करतं, उद्या दुसरं कोणी. त्यातला कुठलाच बदल मोठा नसतो, आणि सर्व्हर चालूही दिसतो. पण वर्षभरानं तपासलं तर मूळ सेटिंगशी काही जुळत नाही.

आपल्या गावावरून जाणारी शकुंतला आठवा. मूर्तिजापूर ते अचलपूर ती छोटी गाडी धावायची. गेली काही वर्षं ती बंद आहे. स्टेशनाचं नाव लोकांच्या तोंडी आहे, पण गाडी येत नाही. घरात बायबल आहे, भिंतीवर वचन आहे, नाताळात तारा लागतो, पण प्रार्थना होत नाही, असं आपलं होऊ नये.

म्हणून या आठवड्यात तीन गोष्टी करून बघूया.

1. प्रार्थनेची एक वेळ आणि एक जागा ठरवा. दानीएलच्या तीन वेळा ठरलेल्या होत्या. संकट आलं त्या दिवशी त्याला नव्यानं हिंमत गोळा करावी लागली नाही. सवयीनंच त्याला गुडघ्यांवर आणलं.

2. काम चोख करा. दानीएलच्या विरोधकांना त्याच्या कामात खोट सापडली नाही. टाइमशीट खोटी भरणाऱ्या माणसाची डब्यावरची प्रार्थना कोणाला पटेल?

3. विचारलं तर सरळ सांगा, आणि समोरच्याचं सण-व्रतही आदरानं ऐका. कोणी विचारलं नाही तर मागे लागू नका.

आज स्वतःला विचारूया : गेल्या वर्षभरात माझी कोणती खिडकी लागली? ती कोणी लावली?

प्रार्थना : हे स्वर्गीय पित्या, ज्या गावात आणि ज्या नोकरीत तू आम्हांला ठेवलंस त्यांचं भलं कर. आमच्यासोबत काम करणाऱ्यांना आशीर्वाद दे. लोकांना दिसावं म्हणून आम्ही तुझं नाव घेऊ नये, आणि लोक बघतात म्हणून ते टाळूही नये. घरापासून दूर, एकट्या खोलीत राहणाऱ्या आमच्या मुलामुलींना आज संध्याकाळी तुझी आठवण होऊ दे. प्रभू येशूच्या नावानं मागतो. आमेन.