सत्त्याण्णवी घटनादुरुस्ती : राहिलेली सही



संचालक २१ पेक्षा जास्त नकोत, मुदत पाच वर्षांची, वर्ष संपल्यावर सहा महिन्यांच्या आत सर्वसाधारण सभा, हे सारे ९७ व्या घटनादुरुस्तीने सांगितले. संसदेने ती डिसेंबर २०११ मध्ये मंजूर केली व १५ फेब्रुवारी २०१२ पासून ती अंमलात आली. महिलांना दोन जागा, अनुसूचित जाती-जमातींना एक, वेळेवर हिशेबतपासणी, यात खोट ती काय काढायची? वाद निघाला तो हे कुणी केले आणि कसे केले यावर.

सहकारी संस्था हा राज्यसूचीतला, नोंद ३२ चा, म्हणजे आपल्या विधिमंडळाचा विषय. त्या अधिकाराला मर्यादा घालायची तर कलम ३६८ प्रमाणे संसदेच्या मंजुरीवर भागत नाही. निदान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव करून संमती द्यावी लागते. ही दुरुस्ती राज्यांकडे पाठविलीच नाही. २०१६ साली जी.एस.टी.च्या दुरुस्तीला मात्र महाराष्ट्रासह राज्यांचे ठराव रीतसर घेतले.

सामाईक जमिनीचे बघा. चार भावांची जमीन तिघांनी सह्या करून विकली. भाव चांगला आला, तरी चौथ्याचा हिस्सा काही जात नाही. "अहो, त्यानं तक्रार कुठं केली?" असे म्हटल्याने सही झाली असे होत नाही. केंद्राचे म्हणणे जवळपास असेच होते : एकाही राज्याने हरकत घेतली नाही, उलट पुष्कळांनी आपले कायदे त्याप्रमाणे बदलले. गुजरात उच्च न्यायालयाने २०१३ साली दुरुस्तीतला सहकाराचा भाग रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयानेही २० जुलै २०२१ रोजी केंद्राचे म्हणणे मानले नाही. मात्र न्या. नरिमन व न्या. गवई यांनी बहुराज्यीय संस्थांपुरता तो भाग शाबूत ठेवला, कारण तो केंद्राचाच हिस्सा. न्या. जोसेफ यांच्या मते तोही टिकत नव्हता.

आपल्या जत तालुक्याला कर्नाटकाची हद्द लागून, म्हणून हा फरक आपल्या कामाचा. कारखाना बहुराज्यीय कायद्याखाली असेल तर हे नियम घटनेचे म्हणून लागू. राज्याच्या १९६० च्या कायद्याखाली असेल तर विधिमंडळाने २०१३ साली व नंतर स्वतः केलेले बदल लागू, आणि ते पुन्हा बदलायचे तर विधिमंडळानेच. तेव्हा "कोर्टानं निवडणुकीचे नियमच उडवले" असे चावडीवर कुणी सांगितले, तर आधी आपली नोंदणी कोणत्या कायद्याखाली आहे ते विचारावे.